फरांसकर सरांचा मूळ पुरूस

लग्न होऊन गोव्यात मांद्र्याला आले, तेव्हा शेजारच्या फाटकावरची पाटी वाचून मी नवऱ्याला विचारलं होतं, 'हे फरांस कुठे आलं?' मी दोडामार्गाकडची. आमच्याकडे आडनावात गाव असतो आणि तो गाव एसटीच्या पाटीवर सापडतो. नवरा म्हणाला, 'त्यांनाच विचार, पण संध्याकाळ मोकळी ठेव.' मी विचारलं. ती संध्याकाळ गेली ती गेलीच, आणि त्यानंतरच्याही कितीतरी संध्याकाळी त्याच विषयात गेल्या.

शाबाजी फरांसकर आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. पुढे मी त्याच शाळेत विज्ञानाला लागले आणि शेजारी होते ते सहकारीही झाले. अंगाने काटकुळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चहा बशीत ओतून पिणार आणि बशी तोंडाशी नेताना समोरच्याकडे असं बघणार, की आता हा माणूस आपली फिरकी घेणार हे आपल्याला कळावं. कळूनही उपयोग नसे. नवा माणूस भेटला की ते तीन प्रश्न विचारायचे: गाव कुठला, देव कुठला, वांगड कुठली. वांगड म्हणजे गावातलं मूळ घराणं. तीन उत्तरं मिळाली की ते त्या माणसाच्या आडनावाचं मूळ काढून द्यायचे, आणि ते बहुतेक वेळा त्याला न आवडणारं असायचं. आमच्या हेडमास्तरांचे पूर्वज देवळातली भांडी पळवून सीमेपलीकडून पेडण्यात आले, असा त्यांनी शोध लावला होता. हेडमास्तरांनी त्यांना पुढची दोन वर्षं सहलीला नेलं नाही.

स्वतःच्या आडनावाचं मूळ मात्र त्यांनी फार अभिमानाने ठेवलं होतं. फरांस म्हणजे आमच्या जुन्या माणसांच्या बोलीत फ्रेंच माणूस. सरांचं म्हणणं साधं होतं: आमचा मूळ पुरूस, म्हणजे घराण्याचा पहिला पूर्वज, फ्रेंच. गलबतावरून आला, किनाऱ्याला लागला, गावात राहिला, इथल्याच बाईशी संसार केला, देवीपुढे नारळ ठेवला आणि गावचा झाला. आम्ही त्याची पोरं. त्यात वाकडं काय आहे?

वाकडं काय आहे ते त्यांचे चुलतभाऊ दत्ताराम सांगायचे. दत्तारामांचे वडील खाणीच्या कामाला म्हणून डिचोलीकडे पाळी गावाला गेले आणि तिथलेच झाले. दत्ताराम स्वतः खाणीवर फोरमन होते. सरळ रेषेतला माणूस. मिशीसुद्धा फुटपट्टी लावून कापल्यासारखी. त्यांच्या मते मूळ पुरूस शंभर टक्के इथलाच. फ्रेंचांच्या गलबतावर तो तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. पैसा मिळवून परत आला, म्हणून लोक त्याला फरांस म्हणू लागले. गावातल्या खोचक मंडळींचं आणखी एक मत होतं. ते त्या पुरुषाला जडलेल्या, फ्रेंचांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका रोगाबद्दल होतं आणि बायकांसमोर कुणी ते बोलत नसे. मला ते बायकांनीच सांगितलं.

शाळेतल्या युरोपच्या नकाशावर फ्रान्सच्या जागी भोक पडलेलं होतं. सर धडा कुठलाही असो, बोट तिथे ठेवायचे. एकदा तपासनीस साहेब वर्गात बसले आणि त्यांनी विचारलं, युरोपातून आपल्याकडे कोण कोण आले? पोरांनी पोर्तुगीज सांगितले, इंग्रज सांगितले. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, 'आणि आमचे सर.' साहेबांना काही कळेना. सरांनी खडू खिशात ठेवला, हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, 'बरोबर आहे. बस खाली.'

निवृत्त झाल्यावर सरांनी मागच्या अंगणात तीन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला लागले. मांद्र्यात आता घर तिथे खोल्या आहेत, पण पाहुण्याला दारात उभं करून कुळदैवत विचारणारं घर एकच. रशियन आला, जर्मन आला तर सर पेपरातून डोकं वर काढत नसत. ते काम त्यांच्या बायकोचं, सुमतीवहिनींचं. फ्रेंच आला की स्वतः सामोरे जायचे, त्याला पडवीतल्या कदेलावर, म्हणजे हातांच्या खुर्चीवर, बसवायचे, शहाळं द्यायचे आणि मग गाव, देव, वांगड. बिचारे पाहुणे विचारात पडायचे. एका म्हाताऱ्याने बराच वेळ डोकं खाजवून आपल्या गावच्या चर्चच्या संताचं नाव सांगितलं, तेव्हा सर मला म्हणाले, 'बघा टीचर, देव निघाला. आता वांगड काय ती मिळतलीच.' भाऊबंदाकडून भाडं कसं घ्यायचं, असं त्यांचं तत्त्व होतं. सुमतीवहिनींना ते ठाऊक असल्यामुळे त्या भाडं आधीच घेऊन ठेवायच्या.

एका हंगामात त्यांच्याकडे एक फ्रेंच बाई उतरली होती. तिला फोन आला की तिकडे तिचे काका वारले. बाई थोडी रडली आणि मग समुद्रावर गेली. सरांनी मात्र सुतक धरलं. भाऊबंदच म्हटल्यावर सुतक आलं. देवळात जाणं बंद, देवाला हात लावणं बंद, कुणाच्या शुभकार्याला पाऊल नाही. त्याच आठवड्यात म्हापशाला त्यांच्या मेव्हण्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. हा मेव्हणा पूजेनंतर जमलेल्यांना स्वतःच्या मूतखड्याची हकीकत पहिल्यापासून ऐकवतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सुमतीवहिनी दारात येऊन मला म्हणाल्या, 'टीचर, तुम्ही तरी सांगा ह्यांना. त्या बाईने दुःखात आमलेट खाल्लं आणि हे इथे सुतक पाळतायत.' सर आतून म्हणाले, तिचं तिच्यापाशी, आपला धर्म आपण पाळावा. सुतक फिटलं त्या दिवशी आंघोळ करून स्वच्छ शर्ट घालून आले आणि मेव्हण्याची तब्येत कशी आहे म्हणून मोठ्या काळजीने विचारू लागले.

पण नुसतीच थट्टा म्हणून सोडून द्यावं, तर एक गोष्ट आडवी यायची. पाऊस सरला की एका रविवारी फरांसकरांची दोन्ही घरं एकत्र जमून मूळ पुरुषाची पूजा करतात. परसात फणसाखाली त्याचा दगड आहे. सगळ्या गावात पुरुषाला भाताचा नैवेद्य असतो. ह्यांच्या पुरुषाला पोदेराकडचा, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडचा, उंडा लागतो. पाव. आता ही गोष्ट गोव्याबाहेरच्यांना लहान वाटेल. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही कथा ऐकत आमची माणसं मोठी झालेली. माझ्या सासूबाई उंडा खायच्या, पण पडवीत बसून. चुलीपाशी आणू देत नसत. अशा गावात एक हिंदू घराणं आपल्या मूळ पुरुषापुढे पिढ्यान् पिढ्या पाव ठेवतं, हे कसं? सर म्हणायचे, ज्याला जे रुचतं ते द्यावं, त्याला भात कुठे रुचणार. दत्ताराम म्हणायचे, तांडेलाला गलबतावर पावाची सवय लागली असणार. पुरावा एक आणि निकाल दोन. दरवर्षी उंडा ठेवून झाला की दोघे भाऊ भांडायला बसायचे आणि जेवणाची पानं मांडली की उठायचे. जेवण शाकाहारी असलं तर भांडण जरा जास्त चालायचं.

असंच चाललं असतं. पण एका वर्षी पूजेच्या दिवशी घरात एक फ्रेंच पोरगा राहायला होता. त्याने मोबाईलवर सगळं टिपलं. सर हातात उंडा घेऊन दगडाशेजारी उभे, आणि इंग्रजी, कोकणी आणि कुठलीशी तिसरी भाषा मिसळून सांगतायत, हा तुमचा माणूस, आमचा आजोबा, आम्ही सगळे ह्याच्या रक्ताचे. मागे दत्ताराम सोवळं नेसून हात हलवतायत, नाही नाही म्हणून. पण बघणाऱ्याला वाटावं, ते टाटा करतायत. हा व्हिडिओ पेडण्यात फिरला, म्हापशाला गेला आणि अखेर साखळीला पोचला.

साखळीला पोचला तिथे घोटाळा झाला. दत्तारामांची मुलगी वैदेही साखळीच्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. समोरच्या कापडवाल्यांच्या मुलाशी तिचं जमलं होतं. दोन्ही घरं राजी, टिळ्याचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरायचा बाकी. मुलाच्या घरातले कर्ते म्हणजे त्याचे मोठे चुलते गोपाळबाब. गोरेपान, कडक इस्त्रीचे आणि रीतिरिवाजांत काटेकोर. त्यांनी तो व्हिडिओ दुकानात बसून चष्मा लावून दोनदा पाहिला आणि पाळीला निरोप धाडला: पुरूस कोण ते आधी कळू दे. ज्यांच्या मुळाचा पत्ता नाही त्यांच्या घरातून मुलगी आणायची, तर आमच्या देवकार्याला हात कुणाचा लागणार?

वैदेही दुसऱ्याच दिवशी मांद्र्याला आली. मी तेव्हा सरांच्या पडवीत बसले होते. ती रडली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, 'काका, तुझ्या त्या फरांसाक एकदाचो मारून टाक.'

सरांनी हातातली बशी खाली ठेवली. ती म्हणाली, सगळ्यांसमोर सांग की ही तुझी फकाणं होती, नुसती थट्टा होती, दुसरं काही मी मागत नाही. लहानपणी ह्याच पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी फरांसाच्या गलबताच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ती तशीच निघून गेली. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि रागही आला. म्हाताऱ्याच्या एका गमतीपायी पोरीचं लग्न अडलं होतं.

सरांनी फोनवर गोपाळबाबांना सांगून पाहिलं की ती थट्टा होती. गोपाळबाब म्हणाले, थट्टेला पाव कोण ठेवतो? देवीला कौल लावा. माणसाचं तोंड फिरतं, देवीचं फिरत नाही.

कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे मोठ्या कामाआधी गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकट्यादुकट्याचं काम असेल तर प्रश्न मनातल्या मनात विचारला तरी चालतो. घराण्याचं असेल, तर घरातल्या सगळ्यांत वडील माणसाने मोठ्याने बोलायचं, आणि एकदा पाकळी पडली की त्या कामाचा दुसरा प्रश्न नाही. पुन्हा विचारणं म्हणजे देवीवर शंका घेणं. मी विज्ञानाची टीचर. पाकळी वाळली की पडते, हे मला ठाऊक आहे. तरी देवळात उभी असताना माझं लक्ष पाकळीवरच असतं.

फरांसकरांत वडील म्हणजे सर. दत्तारामांनी त्यांच्याकडून प्रश्न पाठ करून घेतला: आमचा पुरूस ह्याच मातीतला, फरांस नव्हे, खरं असेल तर उजवी दे. सरांनी तो शाळेतल्या पोरासारखा दोनदा म्हणून दाखवला. एवढे गरीब झालेले सर मी कधी पाहिले नव्हते, आणि तेच मला बरं दिसेना.

ठरल्या सकाळी गोपाळबाब दोघा जाणत्यांना घेऊन आले. वैदेही आईच्या मागे खांबाला टेकून उभी. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या आणि सरांकडे पाहिलं. सरांनी हात जोडले, डोळे मिटले आणि चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

'आई, आमचो मूळ पुरूस कोण नि खयसून इलो, तां तुका म्हायत. ताका थारो तूच दिलंस, आमकाय तूच दिलंस. आज ह्या चेडवाचां बघ. ह्यां चेडू साखळेच्या घरात सुखी होतला काय? होतला तर उजवी दी.'

दत्तारामांचं तोंड उघडं राहिलं. प्रश्न बदलला हे सगळ्यांना कळलं, पण देवीसमोर बोलायचं कुणी? गोपाळबाबांनी घसा खाकरला, तेवढ्यात उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. गुरवाने ती उचलून वैदेहीच्या हातात दिली. गोपाळबाब हळू आवाजात म्हणाले की ठरलेला प्रश्न हा नव्हता. गुरव म्हणाला, 'देवीन दिलो तो दिलो. शंका आसात तर तुमी बोला, मी बोलूचंय नाय.' गोपाळबाब काय बोलणार? कौलाचा आग्रह त्यांचा, देवी म्हणाली मुलगी सुखी होईल, आणि आता नाही म्हणायचं म्हणजे देवीला खोटं पाडायचं. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, दोन्ही जाणत्यांकडे बघितलं आणि टिळ्याचा दिवस देवळाच्या पायरीवरच ठरवून टाकला. वैदेही काकाच्या पाया पडायला वाकली ती उठेचना. सर तिच्या डोक्यावर थोपटत राहिले, आणि दत्ताराम दूर उभे राहून मिशी पुसत होते.

परत येताना मी आणि सर मागे चालत होतो. मी म्हटलं, सर, एवढी हिंमत कशाला केलीत? ठरलेलं विचारलं असतं, उजवी पडली असती, तर तुमचं फरांसाचं लचांडही सुटलं असतं आणि लग्नही झालं असतं. ते थांबले. मागेपुढे कुणी नाही असं बघून म्हणाले,

'ती पडली नसती, टीचर. मी एकदा इचारललंय. कॉलेजात होतंय तेव्हा. गुरवाक म्हटलंय, मनातलो प्रश्न आसा. मनात इचारलंय, पुरूस फरांस काय? तेव्हा उजवी इली.'

मी म्हटलं, मग ही गोष्ट गावभर सांगत का सुटलात?

'सांगलंय म्हणानच ती लपली,' ते म्हणाले. 'ज्या गोष्टीक लोक हसतत, ती तपासूक कोण येणा नाय.'

मग नेहमीसारखं माझ्याकडे तिरकं बघून हसले. ही आणखी एक फिरकी की खरं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. पण त्या देवळात त्यांनी मिटलेले डोळे पाकळी खाली येईपर्यंत उघडले नव्हते, ते मी पाहिलं होतं. पोरीच्या सुखापुढे फरांस बाजूला ठेवला, पण देवीसमोर त्याला खोटा म्हटलं नाही. मला तो माणूस त्या दिवशी फार मोठा वाटला.

वैदेहीचं लग्न थाटात झालं. वर्षभराने मुलगा झाला आणि बारशाला आम्ही सगळे साखळीला गेलो. सर तोवर थकले होते. श्वास लागायचा, गाडीतून उतरून पायऱ्या चढायला वेळ लागला. आत बायकांचा गलबला चालला होता आणि सगळा पाळण्याभोवती होता, कारण पोराचे डोळे. काळे नाहीत, तपकिरी नाहीत, उन्हात धरलेल्या काचेसारखे हिरवट निळे. एक म्हणाली आजीकडचे, एक म्हणाली ग्रहणात काहीतरी झालं असणार. गोपाळबाबांनी बाळाला उचलून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की हे डोळे आमच्या आज्यांचे. आमचे आजे असेच घारे होते, पाहिलेले लोक अजून आहेत. आणि मग, बहुधा नको असतानाही, त्यांची नजर सरांकडे गेली.

सगळ्यांचीच गेली. दत्तारामांच्या हातात सरबताचा तांब्या होता, तो तसाच तिरका राहिला. वैदेही पाळण्याची दोरी धरून उभी. असा चेंडू सरांच्या बॅटीवर आयुष्यात कुणी टाकला नव्हता. मीसुद्धा मनातल्या मनात म्हणाले, झालं आता.

सरांनी हात पुढे केले. गोपाळबाबांनी बाळ दिलं. सरांनी त्याला खिडकीच्या उजेडाकडे नेलं आणि किती वेळ त्या डोळ्यांत बघत राहिले. पोरगंही त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. सरांच्या ओठांचा कोपरा हलला, तो मला ओळखीचा होता. पण तो तिथेच थांबला.

'गोपाळबाब म्हणतत तां खरां,' ते म्हणाले. 'डोळे साखळेचेच.'

गोपाळबाबांनी मान डोलावली, दत्तारामांनी सरबत ओतलं, बायका पाळणा म्हणायला लागल्या. सरांनी बाळ वैदेहीकडे दिलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि त्याचा मला राग येत होता. मी हळूच विचारलं, सर, वाईट वाटलं?

'वायट कित्या वाटूचा?' सर पाळण्याकडे बघत म्हणाले. 'आमचो पुरूस साखळेक सुखरूप पोचलो, टीचर. आता ताची वळख सांगाची गरज नाय.'

त्यांची माझ्याकडे उरलेली शेवटची आठवण त्याच संध्याकाळची आहे. गाडी मांद्र्याला थांबली, सर काठी टेकत उतरले. फाटकापाशी एक नवा पाहुणा पाठीवर बॅग घेऊन उभा होता आणि सुमतीवहिनींना सांगत होता की तो फ्रान्सहून आलाय. सरांनी त्याला वाट करून दिली, खोली कुठे आहे ते हाताने दाखवलं, आणि काही न विचारता आत गेले.